हात पुसून येईपर्यंत

मेलेल्या माणसांशी आमच्या खणकामाच्या मास्तरांइतक्या अदबीने वागणारा माणूस सोलापूर जिल्ह्यातच काय, साऱ्या मुंबई इलाख्यात दुसरा झाला नसेल. जिवंत माणसांशी ते तसे बेताचेच वागत. उशिरा येणाऱ्या पोराचा कान धरत, दूधवाल्याशी पाण्यावरून हुज्जत घालत, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना तर त्यांनी एकदा "तुमचा इतिहास तुमच्या नेमणुकीपासून सुरू होतो" असं तोंडावर ऐकवलं होतं. पण दीड-दोन हजार वर्षांपूर्वी मातीआड झालेला माणूस म्हटला की मास्तरांचा आवाज खाली येई, पाठ जराशी वाके आणि तोंडी आपोआप अहो-जाहो येई. एखादं खापर हाती लागलं तर ते 'हे मडकं' म्हणत नसत, 'यांचं मडकं' म्हणत. 'यांचं' म्हणजे कुणाचं, असं विचारलं की म्हणत, "तीच ओळख करून घ्यायला आलोय ना आपण?"

मास्तर सोलापुरात एका हायस्कुलात इतिहास शिकवत. गुडघ्यापर्यंत येणारा खादीचा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि कोटाचे दोन्ही खिसे कायम लोंबलेले, कारण त्यांत खापरं. रस्त्याने चालताना त्यांची नजर समोर कधी नसेच, पायाशी असे. त्यामुळे ओळखीची माणसं त्यांना दिसत नसत आणि ती माणसं मास्तरांना शिष्ट समजत. कुठे विहीर खणली जात असली, कुणाच्या घराचा पाया काढला जात असला, की मास्तर तिथे हजर. एका वकिलांच्या नव्या घराचा पाया खणत असताना तर त्यांनी तिथे असा मुक्काम ठोकला की वकिलीणबाईंना ते मुकादम वाटले आणि त्यांनी मास्तरांना आलेल्या विटा उतरवून घ्यायला सांगितल्या. मास्तरांनी निमूटपणे उतरवून घेतल्या. "पायातली माती बघायला मिळत होती," ते म्हणाले, "मग विटांना हात लावायला काय झालं?"

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला जे दिसलं ते पाहून मी चक्रावलोच. मास्तरांना तहान लागली होती. ते उठले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "येऊ का?" आतून काकूंचा आवाज आला, "या हो. रोज काय विचारायचं?" तरी मास्तर उभेच. शेवटी काकू पदराला हात पुसत दारात आल्या, बाजूला झाल्या, आणि मग कुठे मास्तर आत जाऊन तांब्या घेऊन आले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला, स्वतःच्या पाण्यासाठी. पुढे ओळख वाढल्यावर मी काकूंना याबद्दल छेडलं. त्या म्हणाल्या, "नवी होते तेव्हा वाटायचं, थट्टा करतायत. मग वाटायचं, रागावलेत. आता काही वाटत नाही. एखाद्या दिवशी विचारलं नाही तर मात्र मलाच चुकल्यासारखं होईल."

मी सोलापूरचाच, पण तेव्हा पुण्याला बी. ए. च्या वर्गात होतो. तिथल्या एका संशोधन संस्थेने थंडीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना उत्खनन शिकवण्याचा घाट घातला. जागा ठरली सीना नदीच्या काठचं एक टेकाड, आणि शिकवणारे ठरले मास्तर. कारण ते टेकाड मास्तरांनीच हुडकलेलं होतं आणि त्याबद्दल लिहून लिहून त्यांनी संस्थेला जेरीस आणलं होतं. संस्थेची अट एकच होती. हंगाम संपायच्या आत चिटणीस स्वतः येऊन पाहतील, आणि दाखवण्याजोगं काही निघालेलं असलं तरच पुढच्या वर्षी वर्ग भरेल. नाहीतर टेकाड गावाला मोकळं. गावाला मोकळं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. जुन्या वस्तीची पांढरी माती खताला फार चांगली. शेतकरी ती गाड्या भरभरून नेतात आणि काळ्या रानात पसरतात. अर्धंअधिक टेकाड असं आधीच ज्वारीच्या पोटात गेलं होतं. उरलेलं वाचवायचं तर मास्तरांनी काहीतरी झळझळीत काढून दाखवणं भाग होतं.

आम्हा पोरांना यात काहीच अवघड वाटत नव्हतं. खणलं की निघतं, एवढं आमचं ज्ञान. पुण्याहून आलेला वसंता नावाचा माझा मित्र तर नवी कोरी सोला हॅट आणि मोठं भिंग घेऊनच आला होता, आणि गाडीत बसल्यापासून पहिली मूर्ती कुणाला सापडणार यावर आमच्याशी पैजा लावत होता. टेकाडावर पोचलो, राहुट्या ठोकल्या, भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली आणि बाह्या सरसावून उभे राहिलो. मास्तरांनी आमच्या हातात केरसुण्या दिल्या.

"कुदळी कुठायत, सर?" वसंताने विचारलं.

"कुदळ शेवटी. ज्याला झाडता येत नाही त्याला खणता येत नाही."

आणि आम्ही झाडलं. किती झाडलं म्हणून सांगू. कॉलेजातली उंडगी पोरं आम्ही, घरी कधी स्वतःचं ताट उचललेलं नाही, आणि इथे उघड्या माळावर, ऐन वाऱ्यात, माती झाडत होतो. गावच्या बाया पाण्याला जाताना थांबून बघत आणि तोंडाला पदर लावत. पण मास्तरांचं म्हणणं हळूहळू कळायला लागलं. झाडता झाडता मातीत एक रेघ उमटे. रेघेच्या अलीकडची माती भुसभुशीत, पलीकडची घट्ट. ती घट्ट माती म्हणजे भिंत. ज्या भिंतीला टेकून कुणीतरी दुपारी पाय पसरून बसलं असेल ती भिंत केरसुणीच्या टोकाखाली हळूच वर येताना मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

भिंत दिसली की मास्तरांचे नियम सुरू होत. खणलेल्या जागेला खड्डा म्हणायचं नाही, घर म्हणायचं. घरात चपला, बूट नाहीत. भिंतीवर बसायचं नाही. चूल ओलांडायची नाही. थुंकणं तर दूरच राहिलं, तंबाखू खाणाऱ्याने निंबाच्या झाडापलीकडे जायचं. आमच्याबरोबर बिरूबा नावाचा एक धनगर कामाला होता, त्याची सगळ्यांत पंचाईत झाली. दर घटकेला त्याला निंबाकडे जावं लागे. "मास्तर," तो एकदा कळवळून म्हणाला, "म्या माज्या घरात बी कवा एवडा भ्यालो न्हाय." मास्तर म्हणाले, "तुझ्या घरात तुझी बायको आहे बोलायला. इथल्या बाईला बोलता येत नाही, म्हणून आपण जपायचं." बिरूबा विचारात पडला, आणि त्या दिवसापासून त्याने तंबाखू निम्म्यावर आणली.

सगळ्यांत कडक नियम मात्र दाराचा. घरात जायचं ते दारातून. भिंती कुठे वीतभर, कुठे गुडघ्याएवढ्या. पाय उचलला की माणूस आत. पण मास्तरांना ते चालत नसे. आधी बाहेरून चारी भिंती मोकळ्या करायच्या, दार शोधायचं, दारासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "येऊ का?" मग थांबायचं. पहिलं लहानसं घर निघालं तेव्हा आम्ही सगळे असे ओळीने उभे राहिलो. समोर मातीचा चौकोन, वर आभाळ, आणि मास्तर हात जोडून उभे. हसू दाबून आमची पोटं दुखायला लागली.

"किती वेळ थांबायचं, सर?" वसंताने अगदी गंभीर चेहरा करून विचारलं.

"आतलं माणूस हात पुसून दारापर्यंत येईल तेवढा," मास्तर म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात थट्टेचा अंशही नव्हता. पुढे चार-दोनदा असंच उभं राहिल्यावर माझं हसू कुठे गेलं ते मला कळलं नाही. तेवढ्या वेळात माणूस काय करतो? आत बघतो. कुठे चूल असेल, बाई कुठे बसली असेल, उठून यायला तिला कुठली वाट असेल, हे सगळं आपोआप मनात उभं राहतं. मास्तरांनी आम्हाला उत्खननावरची व्याख्यानं दिली ती मी साफ विसरलो. त्या थांबण्यात जे शिकलो ते मात्र अजून जवळ आहे.

मग ते मोठं घर निघालं आणि आमचं घोडं अडलं. टेकाडाच्या नदीकडच्या बाजूला चांगल्या दगडी पायाचं, जाड मातीच्या भिंतींचं घर. आम्ही बाहेरून चारी बाजू मोकळ्या केल्या. भिंती गुडघ्याएवढ्या, सलग, आणि दार कुठेच नाही. पुन्हा फिरून पाहिलं. झाडलं, पुसलं, हात फिरवला. नाहीच. बिरूबा म्हणाला, "ह्या घराला दारच न्हाय की वो. भुताला बांदलंय का काय?" मास्तर म्हणाले, "घर आहे म्हणजे दार आहे. ते आपल्याला भेटेना, यात घराचा काय दोष?" आणि त्यांनी काम थांबवलं.

थांबवलं म्हणजे थांबवलं. चिटणीसांची स्वारी आठवड्याच्या आत येणार होती. एवढं मोठं घर, आत काय काय असेल कोण जाणे, आणि आम्ही भिंतीबाहेर बसून होतो. मास्तर तेवढ्यात आणखी एक टूम काढून बसले. माणसाचं अंगण कोरडं राहणं बरं नव्हे, म्हणून रोज सकाळी दारापुढे सडा मारायचा. दार कुठे आहे हे माहीत नसल्यामुळे चारी बाजूंना मारायचा. आम्ही नदीतून पाण्याच्या घागरी आणून मेलेल्या माणसांच्या अंगणात सडे घालू लागलो. गावचे पाटील एकदा हुरडा घेऊन आले होते, ते हा प्रकार बघत बराच वेळ उभे राहिले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर चांगला मानूस हाय. पन त्येंच्या घरची मान्सं कुटं असत्यात? कुनीतरी येऊन बघाय पायजे की."

वसंताचा धीर सुटला, आणि खरं सांगायचं तर आमचा सगळ्यांचाच सुटत आला होता. त्यातला फरक एवढाच की वसंता धाडसी होता. मास्तर नदीवर आंघोळीला गेले होते. वसंताने बूट घातले, हातात खुरपं घेतलं आणि भिंतीवरून उडी मारून तो आत गेला. कोपऱ्यात त्याने भराभर माती उकरायला घेतली. थोड्याच वेळात खुरप्याखाली खळ्ळ असा आवाज झाला. मातीत उभ्या असलेल्या रांजणाच्या काठावर त्याचा घाव बसला होता. अखंड रांजण, आणि काठाचे तीन तुकडे. आम्ही धावलो तेव्हा मास्तर ओलं धोतर खांद्यावर टाकून समोरून येत होते.

मास्तर ओरडतील, हाकलून देतील, निदान कान तरी धरतील, असं आम्हाला वाटलं. त्यांनी काहीच केलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाहेर ये," ते हळूच म्हणाले. "जसा गेलास तसाच ये, आता दुसरी वाट नाही." वसंता बाहेर आला. मास्तर निंबाखाली बसले, त्यांनी आम्हाला जवळ बसवलं, आणि मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचं स्वतःबद्दल काही सांगितलं.

ते लहान असताना प्लेग आला. गाव रिकामं झालं, सगळे रानात झोपड्या बांधून राहिले. त्यांच्या घरात कुणी आजारी नव्हतं. आईने घर झाडलं, भांडी पालथी घातली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मागाहून घरं धुऊन काढणारी सरकारी माणसं गावात आली. त्यांना कुलूप दिसलं, म्हणून त्यांनी कौलं उतरवली आणि ती वरून आत शिरली. "काही महिन्यांनी आम्ही परत गेलो," मास्तर म्हणाले. "दार जसंच्या तसं. आईला बरं वाटलं. तिने किल्ली काढली, कुलूप उघडलं, दार ढकललं, आणि आत ऊन. डोक्यावर छप्पर नाही. पाटा फुटलेला, देव पालथे, धान्याला चिखल. त्यांनी काम केलं, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण आई काय म्हणाली माहीत आहे? रडली नाही. म्हणाली, 'दार होतं की रे. विचारून आले असते तर मी दाखवलं असतं कुठे काय आहे ते.'"

मग मास्तर उठले आणि म्हणाले, "मातीत शोधायला जाणारा माणूस नेहमी वरूनच जातो. त्याला इलाज नाही. म्हणून निदान दाराशी तरी थांबावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राहुटीबाहेर आलो तेव्हा वसंता कुणी न सांगता घागर घेऊन सडा मारत होता. हॅट नाही, बूट नाहीत. सडा मारायची त्याला सवय कुठली असणार? हलक्या हाताने ओंजळीने शिंपडायचं, तर हा गडी घागर हिंदकळून पाणी फेकत होता. निम्मं अंगणात, निम्मं भिंतीवर. बिरूबा त्याला शिकवायला पुढे झाला, पण मास्तरांनी हात वर करून थांबवलं. ते नदीकडच्या भिंतीकडे टक लावून पाहत होते. ऊन वर आलं तशी भिंत वाळू लागली, पांढरट होऊ लागली. मधला एक पट्टा तेवढा वाळेना. दोन हात रुंदीचा, वरपासून खालपर्यंत सरळ, काळपट ओला.

"वसंता," मास्तर म्हणाले, "तुला दार सापडलं."

दार होतं, पण बुजवलेलं. दगडावर दगड रचून, मातीने सांधून, वरून भिंतीसारखंच लिंपून टाकलेलं, म्हणून तिथलीच ओल निघत नव्हती. मास्तर जमिनीवर पालथे पडले आणि अगदी तळाची, आजवर मातीत दडलेली जागा कुंचल्याने झाडू लागले. तिथे वीतभर लिंपण जसंच्या तसं राहिलं होतं. त्यावर पाच रेघा होत्या, वरून खाली, थोड्या कमानीसारख्या वळलेल्या. बोटांच्या रेघा. हात लहान होता, बाईचा असावा. मास्तरांनी आपला हात त्या रेघांजवळ नेला, पण टेकवला नाही. ते तसेच पडून राहिले, आणि त्यांच्या टोपीवर, कोटावर, पांढऱ्या मिशांवर माती उडत राहिली. मी सांगतो, देवळाच्या गाभाऱ्यात मी पुष्कळदा उभा राहिलो आहे, पण त्या बोटांच्या रेघांपुढे जसं डोकं खाली गेलं तसं कुठे गेलं नाही. ही माणसं मेली नव्हती, पळाली नव्हती. त्यांनी घर आवरलं होतं, बाहेर उभं राहून दार लिंपलं होतं, आणि ती परत येणार होती. भिंतीवरून उड्या मारून आम्ही सगळे आत गेलो असतो तर हे कुणालाच कळलं नसतं.

मास्तरांनी एकेका दगडाचं चित्र काढलं, एकेका दगडावर खडूने आकडा घातला. ते होईतो चिटणीस टांग्यातून येऊन दाखल झाले. भारदस्त गृहस्थ, पायांत चकचकीत बूट, साखळीचं घड्याळ.

"काय मास्तर, काय मिळालं?"

"दार."

"आणि आत?"

"आत अजून गेलो नाही. आज जाऊ म्हणतो. तुम्ही आलात ते बरं झालं."

चिटणीसांनी भिंतीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "भिंत गुडघ्याएवढी आहे, मास्तर."

"हो. पण दार आहे ना."

दगड एकेक करून निघाले. खाली दगडी उंबरा लागला, मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. मास्तर समोर उभे राहिले. "येऊ का?" त्यांनी विचारलं आणि थांबले. चिटणीसांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला. मग तो तिथेच थांबला. नदीकडून वारा येत होता. मास्तरांनी पाऊल उचललं, आणि त्यांच्या मागे ते भारदस्त गृहस्थ खाली वाकून आपल्या बुटांचे बंद सोडू लागले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात पुढेही कधी कडवटपणा आला नाही, ते या एका गोष्टीमुळे. संध्याकाळी टांग्यात बसताना ते मास्तरांचा हात धरून म्हणाले, "हे फार मोठं आहे, मास्तर. मला कळतंय. पण मंडळींना मी दाखवू काय?"

उरलेल्या दिवसांत आम्ही ते घर मोकळं केलं. सोनं नाही, मूर्ती नाही, काही नाही. चूल होती, राख काढून स्वच्छ केलेली. जात्याची वरची तळी उतरवून भिंतीला टेकवलेली. मडकी एकात एक, पालथी. रांजण रिकामे, आतून धुतल्यासारखे. आणि दाराजवळच्या कोनाड्यात मुठीएवढा मातीचा बैल, एक शिंग मोडलेला. एवढंच. वसंता त्या बैलासमोर मांडी घालून किती वेळ बसला होता. मूर्तीची पैज कुणी काढली नाही.

चिटणीसांचा निरोप काही दिवसांनी आला. त्यांनी मांडायचं तेवढं मांडलं होतं, पण पुढच्या वर्षी वर्ग भरणार नव्हता. आम्ही पोरं चिडलो, संस्थेला नाही नाही ते बोललो. मास्तर ऐकून घेत होते. त्यांनी या टेकाडासाठी काय काय केलं होतं, ते मला माहीत होतं. आणि आता गाड्या येणार, माती जाणार, हे त्यांनाही माहीत होतं. मग म्हणाले, "चला, आवरायला लागा. घर जसं होतं तसं करून जायचं."

आम्ही मडकी एकात एक पालथी घातली. रांजणाच्या काठाचे तुकडे वसंताने स्वतः सांधले. बैल नियमाप्रमाणे पुण्याला पाठवायचा होता, तो मास्तरांनी पाठवला. पण त्याआधी नदीची चिकणमाती आणून तेवढाच दुसरा बैल केला आणि कोनाड्यात ठेवला. "पोरगं आल्याबरोबर आधी तोच शोधेल," ते म्हणाले. तो बैल कुत्र्यासारखा दिसत होता, पण कुणी हसलं नाही. मग खडूच्या आकड्यांप्रमाणे दगड पुन्हा दारात रचले आणि आम्ही चिखल घेऊन लिंपायला लागलो. बिरूबाची बायको हौसा त्याची भाकरी घेऊन आली होती, तिला आमची ती लिंपालिंपी बघवेना. "सरा बाजूला," ती म्हणाली. "असं लिंपत्यात व्हय?" पदर खोचून ती बसली आणि बघता बघता तिने दार लिंपून काढलं. शेवटी सवयीने पाच बोटं वरून खाली ओढली. जुन्या रेघा जशा होत्या तशाच नव्या उमटल्या, तीच कमान, तोच झोक. आम्ही सगळे त्या रेघांकडे बघत राहिलो. हौसाला काही कळेना.

"मेंढरं घिऊन आमी रानोमाळ जातो, तवा दार असंच तर लिंपून जातो की," ती म्हणाली. "आलं म्हंजी फोडायचं."

"आणि परत आलोच नाही तर?" मास्तरांनी विचारलं.

हौसा हात धूत होती. तिने मान वर करून मास्तरांकडे नवलाने पाहिलं. "आसं म्हनून कुनी दार लिंपतंय व्हय, मास्तर?"

त्यानंतर आम्ही माती लोटली. आम्ही त्या बुजवलेल्या घरावरूनच गाड्यांकडे सरळ निघालो, तेव्हा मास्तर एकटेच वळसा घालून अंगणाच्या कडेने आले. ते पाहून आम्हीही एकेक करून मागे वळलो आणि त्यांच्या मागून आलो.

टेकाडाचं पुढे काय झालं ते मी जाऊन पाहिलं नाही. धीर झाला नाही म्हणा. वसंता पुढे मोठा इंजिनिअर झाला. त्याने बांधलेल्या घरांची दारं म्हणे फार ऐसपैस असतात. मी नोकरीच्या निमित्ताने सोलापूर सोडलं, दूर गेलो, आणि मास्तर गेल्याचं मला उशिरा कळलं. पुढे कधीतरी गावी आलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ होती, मिलचा भोंगा नुकताच होऊन गेला होता, रस्ता माणसांनी भरला होता. घराचं दार उघडं होतं. आत ओसरीवर कुणी नव्हतं. खुंटीला तो खादीचा कोट होता, खिसे अजून लोंबलेले. मी चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि म्हणालो, "येऊ का?"

आत भांड्याचा आवाज होत होता. तो न थांबता, मागल्या मागे, स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "या हो. रोज काय विचारायचं?"

आणि मग भांड्याचा आवाज थांबला. सगळं घर थांबलं. मी हाक मारून माझं नाव सांगायला हवं होतं. पण मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने काकू पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि त्या बाजूला झाल्या. मी आत गेलो.